नावेच्या इंजिनाची खालची डबी

माघ वद्य ३, गुरुवार

आज ह्यांनी उजव्या हातानं तांब्या उचलला. निम्मा सांडला, पण उचलला. मी चुलीकडं तोंड करून बसले, बघितलंच नाही असं दाखवलं. बघितलेलं कळलं असतं तर पुन्हा हात लावला नसता.

जहागीरदारांच्या मोटारखान्यात जॅक घसरून हात गाडीखाली सापडला, त्याला दोन महिने होत आले. हाड जुळलं म्हणतात. पण अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट सोडलं तर बाकीची तिन्ही बोटं काठीसारखी ताठ. आत्याबाई रोज दुपारी तिळाचं तेल कोमट करून चोळतात, आणि चोळताना लेकाच्या लहानपणच्या खोड्या सांगतात. हे ऐकतात, हसत नाहीत. पूर्वी ह्याच गोष्टींना घर डोक्यावर घ्यायचे.

हत्यारांची पेटी माळ्यावर टाकलीय. मी झाडायला काढली तर म्हणाले, "राहू दे तिकडंच."

दोघं निजलीत तेवढ्यात लिहिते. चौथी शिकले त्याचा उपयोग एवढाच.

माघ वद्य ५, शनिवार

रामा भोई आला. चिखलीच्या बाजूला नदीवर नाव चालवतो तो. बैलगाडीतून एक धूड आणलंय, गोणपाटात बांधलेलं. नावेच्या मागं लावायचं इंजिन. वर लोखंडी चाक, मधे लांब नळी, खाली पाण्यात बुडणारी एक डबी आणि तिला पंखा. एक इंजिनेर साहेब विलायतेला परत जाताना ह्याला देऊन गेला. त्याच्या माशांच्या सहली रामानं सांभाळल्या होत्या, त्याची आठवण म्हणून. दोन वर्षं नाव फटफट करत चालली. यंदा पावसाळ्यानंतर पंखाच फिरेना. वरचं इंजिन नुसतं ओरडतं.

"लेकीचं लगीन हाय मिस्त्री. फाल्गुनात. पोरगी नदीपल्याड दिलीया. लहान व्हती तवा म्या शब्द दिलाय, चंद्रे, तुझी वरात फटफटीच्या नावंतनं काढतो. आता हे बसलंय रुसून."

ह्यांनी उजवा हात पुढं केला. रामा बघत राहिला.

"हे बघा आनि दुसरा मिस्त्री बघा."

"दुसरा कुठला बघू? समदे म्हनत्यात असलं बघितलंच न्हाय कवा."

"म्या तरी कुठं बघितलंय?"

रामा उठला, पाणी प्याला, "येतो वैनी" म्हणाला आणि रिकामी गाडी घेऊन गेला. इंजिन सोप्यातच. हे हाका मारत राहिले, त्यानं ऐकूच आलं नाही असं केलं. मला मनातून हसू आलं.

माघ वद्य ८, मंगळवार

आत्याबाई इंजिनाला दोनदा अडखळल्या. आता त्यावर जुनी वाकळ घातलीय. म्हणतात, "पावना आलाय, थंडी वाजंल."

हे तिकडं बघत नाहीत. म्हणजे आपण बघत असलो की बघत नाहीत.

दुपारी पाण्याहून आले तर सोप्यात वाकळ बाजूला. हे जमिनीवर आडवे, कान डबीला लावलेला, डाव्या हातानं पंखा इकडंतिकडं हलवतायत. मी घागर घेऊन उंबऱ्यातच थांबले. किती वेळ कोण जाणे. मान अवघडली माझी.

मग त्यांनी मला बघितलं. वाटलं आता उठतील, वाकळ ओढतील. पण म्हणाले, "इकडं ये. ऐक."

मी कान लावला. आत कर्र कर्र, आणि मधेच काहीतरी घसरल्यासारखं टक्.

"वाळू गेलीया आत. आनि एक दात तरी मोडलाय. टक् म्हनतंय बघ, तितं."

दोन महिन्यांत एवढं लांब बोलले नव्हते.

माघ वद्य ११, शुक्रवार

पेटी माळ्यावरून मी काढली. आज "राहू दे" म्हणाले नाहीत.

खालच्या डबीचे स्क्रू गंजून बसलेत. एका हातानं पान्हा धरून दुसऱ्यानं ठोकायचं असतं, आणि त्यांचा धरायचा हात धरत नाही. दोनदा पान्हा घसरला. तिसऱ्यांदा माझ्याकडं बघितलं.

"धरतीस काय?"

"कसं धरायचं?"

"लाटनं धरतीस तसं न्हाय. सांडशीनं तवा उचलतीस न्हवं? तसं."

हे कळलं. धरलं. त्यांनी डाव्या हातानं हातोडी मारली, हळू. नाहीच निघाले. मग रॉकेल सोडून ठेवलं. संध्याकाळी शेजारचे हुसेनचाचा निखाऱ्याची शेगडी घेऊन आले. ओतारी आहेत, पितळ-कांशाचं ओतकाम करतात, ह्यांच्या वडलांचे दोस्त. चाचांनी डबी शेकली, हे ठोकत राहिले, मी धरून. पहिला स्क्रू कुईं करून फिरला तेव्हा तिघंही एकदम "हां!" म्हणालो.

चाचा म्हणाले, "पोरी, तुझा हात हालला न्हाई. यशवंता, ध्यान दिलंस का? हालला न्हाई हिचा हात."

हे म्हणाले, "व्हय." एवढंच. पण रात्री जेवताना एक भाकरी जास्त घेतली.

(ह्यापुढं हुसेनचाचा म्हणजे हु. चा. लिहीन. नाव लांब आहे आणि मनगट दुखतंय.)

माघ वद्य १४, सोमवार. महाशिवरात्र

उपास. डबी उघडली.

आत ग्रीस हवं होतं म्हणे, काळं दाट. निघालं ते ताकासारखं पांढरं, पाणी शिरून फेसलेलं, आणि त्यात वाळू. बोटानं काढत गेले. आत दोन चाकं, तिरक्या दातांची. वरची उभी दांडी लहान चाक फिरवते, ते मोठ्याला फिरवतं, मोठं पंख्याला. एकमेकांत बोटं गुंतवून बसलेली. मोठ्या चाकाचा एक दात पार गेलाय, शेजारच्याचं टोक तेवढं. दांडी ज्यात फिरते तो बूश खाऊन खाऊन लांबट झालाय, म्हणून पाणी आत.

मला वाटलं होतं आत काहीतरी फार अवघड असेल. जात्याच्या खुंट्याइतकं सोपं आहे. तसं म्हटलं तर हसले!! "सोपं हाय खरं. पर सोपं असतंय त्येच नीट बसवाय लागतं."

आत्याबाई देवळातून आल्या. माझे हात कोपरापर्यंत पांढरे-काळे.

"अगं बया, उपासाचं ताक सांडलंस व्हय?"

सांगितल्यावर कपाळाला हात. "बाईमानसानं इंजिनात हात घालायचा? कोन बघंल तर काय म्हनंल?" मग लेकाच्या तोंडाकडं बघितलं. ते वाकून वाळूचा कण नखावर घेऊन उजेडात धरत होते. आत्याबाई वळल्या. आत गेल्या, राख आणि चिंच घेऊन आल्या आणि माझे हात स्वतः घासून दिले. त्यांच्या तोंडचं वाक्य एकच, "दार लावून करा म्हनं."

फाल्गुन शुद्ध २, गुरुवार

नवीन चाक इथं मिळायचं नाही. विलायतेहून मागवायचं तर चंद्राला दोन पोरं होतील तोवर. ह्यांनी ठरवलंय: मोडक्या दाताच्या जागी बारीक भोकं पाडायची, त्यात तारेच्या खुंट्या बसवायच्या, वरून हु. चा. वितळलेलं पितळ झाळून ढेकूळ करतील, आणि ते ढेकूळ कानशीनं घासून दात काढायचा.

"कोण घासणार?"

माझ्या हाताकडं बघत होते.

फाल्गुन शुद्ध ५, रविवार

भांडण. लिहायचं नाही ठरवलं होतं, लिहिते.

सकाळपासून घासत होते. कानस पुढं जाताना दाबायची, मागं घेताना उचलायची. मी मागं घेतानाही दाबते. "उचल. उचल म्हनतोय न्हवं! कानशीचं वाटोळं करतीयास." पुन्हा. पुन्हा. शेवटी इतक्या मोठ्यानं ओरडले की शेजारची बाई भिंतीवरून डोकावली.

मी कानस टाकली. म्हटलं, "माझे हात तुमचे न्हाईत. माझे हायत. तुमाला जे येतंय ते माझ्या हाताला कुठनं येनार?"

तोंड असं झालं की वाटलं बोलायलाच नको होतं. उठून बाहेर गेले.

मी भाकऱ्या बडवल्या. एकही धड नाही झाली.

फाल्गुन शुद्ध ६, सोमवार

सकाळी सोप्यात गेले तर चाक आवळून धरायच्या शिकंज्याजवळ कानस ठेवलेली. जुनी मोठी मूठ काढून टाकलेली. त्या जागी बाभळीची नवी, बारकी, माझ्या मुठीत बसेल एवढी. डाव्या हातानं तासलेली, वाकडीतिकडी, एका बाजूला चाकू निसटल्याची खूण. पण कडा सगळ्या काचेनं घासून गुळगुळीत केलेल्या.

मी मूठ आवळून बघितली. घासायला बसले. आज कानस उचलली गेली.

थोड्या वेळानं मागून आवाज, "काल म्या उगंच..." पुढं काही नाही. मी म्हटलं, "व्हय, उगंचच." झालं, मिटलं.

फाल्गुन शुद्ध ८, बुधवार

मोटारखान्याच्या कारभाऱ्यांचा माणूस आला. निरोप असा की मिस्त्रीचं काम आता व्हायचं नाही, पण जुना माणूस आहे, वाऱ्यावर सोडणार नाही. फाटकावर पहारेकऱ्याची जागा आहे. डगला, पागोटं, दंडुका. पाडव्यानंतर येऊन हो-नाही सांगावं.

माणूस चांगला होता. कारभारीही चांगलेच म्हणायचे. तरी मला त्याला चहा द्यायचं जिवावर आलं.

आत्याबाईंना बरं वाटलं. "सावलीतलं काम हाय. बसून ऱ्हायचं."

हे म्हणाले, "चांगलं हाय की." मला ते "चांगलं हाय की" आवडलं नाही. पोटात दुखत असलं तरी "काय न्हाय" म्हणतात तसलं.

ज्या गाड्यांचा नुसता आवाज ऐकून हे दुखणं सांगायचे, त्यांना फाटक उघडून द्यायचं. मुजरा करायचा.

आज घासायला बसलो नाही कुणीच.

फाल्गुन शुद्ध ११, शनिवार

हु. चां.च्या भट्टीवर गेलो, बूश ओतायला. आत्याबाई पण आल्या. म्हणे एकट्या घरात काय करू. दार लावून करा म्हणणाऱ्या ह्याच.

मुशीत कांसं वितळलं की ते सूर्य मावळतानाच्या रंगाचं होतं. चाचा ओतताना श्वास धरतात, आम्ही पण धरला. पहिला बूश गार झाल्यावर कापला तर आत फोडासारखी भोकं. साच्यात ओल राहिली होती. चाचा साच्याला असे काही बोलले की आत्याबाईंनी कानावर हात ठेवला आणि हसल्या.

दुसरा छान झाला. टिचकी मारल्यावर बारीक घंटेसारखा आवाज.

चाचा ह्यांना बाजूला घेऊन काहीतरी बोलत होते. एवढंच ऐकू आलं, "तुझ्या बापाला एक डोळा न्हवता, यशवंता. तरी त्यानं..." पुढचं भात्याच्या आवाजात गेलं. विचारलं तर हे म्हणतात, "काय न्हाय, जुन्या गोष्टी."

फाल्गुन शुद्ध १३, सोमवार

दात झाला!!

झाला म्हणजे दिसतो तरी दातासारखा. बसतो का ते बघायला तेलात शेंदूर कालवून एका चाकाला लावायचा, फिरवायचं, दुसऱ्यावर कुठं रंग उठतो ते बघायचं. उठेल तिथं उंचवटा, तिथं घासायचं. शेंदूर घरात नव्हता. आत्याबाई मारुतीच्या देवळातून पुडी घेऊन आल्या. पुजाऱ्याला काय सांगितलं विचारलं तर म्हणाल्या, "खरं सांगितलं. सूनबाई गेर घासतीया. त्यो म्हनला, घेऊन जावा."

म्हणजे आता पेठेत सगळ्यांना ठाऊक.

लावायचा, फिरवायचं, बघायचं, घासायचं. दिवसभर हेच. हे डोळे मिटून डाव्या बोटानं दात चाचपतात आणि सांगतात, "हितं. वाईच." माझी बोटं लाल, त्यांची लाल, कपाळावरचा घाम पुसला तर तिथंही. महाराजांची गाडी रस्त्यावरून भोंगा वाजवत गेली, सगळी गल्ली बघायला धावली, आम्ही उठलो नाही. नंतर लक्षात आलं.

संध्याकाळी सगळ्या दातावर सारखा रंग उठला. हे माझ्याकडं बघून म्हणाले, "मारुती झालीयास."

फाल्गुन पौर्णिमा, बुधवार. शिमगा

पोळ्या करून, होळीला नैवेद्य दाखवून मग डबी जोडली. बूश ठोकून बसवला. चाकं नीट अंतरावर राहावीत म्हणून मागं पितळी पत्र्याच्या पातळ चकत्या घातल्या. दोन झाकणांमधे जाड कागद जवसाच्या तेलात बुडवून. दांडी बाहेर येते तिथं मेण-एरंडेलात मुरवलेली सुताची दोरी गुंडाळून घट्ट. ग्रीस ठासून भरलं.

पंखा फिरवला. कर्र नाही, टक् नाही. गप्प फिरतो.

बाहेर पोरं बोंब मारतायत. मला पण मारावीशी वाटली.

फाल्गुन वद्य २, शुक्रवार

नाही चाललं.

रामानं नाव आणून ठेवली होती. चंद्रा पण आली होती, बापाच्या मागं उभी, हसत. हु. चा. आले. इंजिन लावलं. ह्यांनी डाव्या हातानं वरच्या चाकाची मूठ धरून गरकन फिरवली. तिसऱ्या झटक्याला सुरू. फट फट फट, पंखा फिरला, नाव निघाली. रामा ओरडला, "चालली गं चंद्रे, चालली!"

मधोमध गेल्यावर आवाज जड झाला. मग घरघर. मग बंद. रामानं वल्ह्यानं नाव आणली. डबी उचलली तर पाण्यातून काढलेली असूनही हाताला चटका. आत चाक घट्ट धरून बसलं होतं.

हे पायरीवर बसले. मी शेजारी.

"दंडुकाच बरा," म्हणाले.

चंद्रा आली आणि ह्यांच्यापुढं गूळ-शेंगदाण्याची पुरचुंडी ठेवून गेली. "काका, खावा. वल्ह्यानं गेली वरात तरी मी जातीयाच की." तिला बरं वाटावं म्हणून त्यांनी एक दाणा तोंडात टाकला.

फाल्गुन वद्य ३, शनिवार

दिवसभर आढ्याकडं बघत पडून. आत्याबाई तेल घेऊन बसल्या तर हात मागं घेतला.

दुपारी मीच डबी उघडली. एकटीनं. आता स्क्रू कुठल्या क्रमानं सोडायचे ते हाताला ठाऊक आहे. नवा दात शाबूत! आधी तेच बघितलं. खरवडलंय ते चाकाच्या पाठीला, चकत्यांच्या बाजूला. निळसर काळं पडलंय.

सोप्यातून बघत होते बहुतेक. येऊन मागं उभे राहिले.

"लई घट्ट बसवलं," म्हणाले. "तापल्यावर फुगायला जागाच न्हाय ठिवली. वाईच हालाय पायजे चाक. केसभर. ते बोटाला कळतंय." स्वतःचा उजवा हात बघितला. "उजव्या बोटाला कळायचं. डाव्याला कळंना, आनि मला वाटलं कळलं. चूक माझी हाय, तुझी न्हवं."

मग माझा हात धरून चाकावर ठेवला. "एक चकती काढ. आता हालव. हाललं का?"

"न्हाय."

"दुसरी काढ. आता?"

"जरा जास्तच हालतंय."

"मग तिला घास. पातळ कर. तुला वाटंल हां, आता हाय, तितं थांब."

"मला कसं कळणार?"

"तुलाच कळनार. मला आता कळत न्हाय." हे म्हणताना आवाज कडू नव्हता. दिवसाकाठचा हिशेब सांगावा तसा साधा. मला मात्र चाक दिसेना थोडा वेळ.

फाल्गुन वद्य ५, सोमवार. रंगपंचमी

पोरांनी दारात रंग टाकला. आत चकती घासणं चालू. घासायची, बसवायची, हलवायची. पुन्हा काढायची.

एकदा हलवलं आणि आतून अगदी बारीक टिक् असं आलं. आवाज नाही, बोटालाच. लहान मुलाचा हलू लागलेला पहिला दात असतो ना, त्याच्याही आधीचं. मी म्हटलं, "हां."

ह्यांनी बघायला हात पुढं केला नाही. तपासलंही नाही. "बंद कर डबी," म्हणाले.

आत्याबाईंनी पुरण घातलं.

फाल्गुन वद्य ७, बुधवार

नदीला गेलो, नाव सोडली. गेली, आली. परत गेली, आली. पाण्याबाहेर काढून डबीला हात लावला, कोमट. हु. चा. म्हणाले, "अल्ला!" रामा खाली बसून पाणी प्याला. हे हसत नव्हते पण कानापर्यंत लाल झाले होते.

जास्त लिहवत नाही. भाकऱ्या व्हायच्यात.

फाल्गुन वद्य ११, रविवार

काल लग्न झालं. आज उपास आहे, काम कमी, म्हणून सविस्तर.

लग्न रामाच्या दारात लागलं. ऊन कलल्यावर वरात नदीवर. नावेला आंब्याचे डहाळे, झेंडूच्या माळा. नावेत नवरा-नवरी, करवली, रामा, इंजिनाशी हे आणि मी. मी कशाला म्हटलं, तर रामा म्हणाला, "वैनी न्हाई तर इंजिन न्हाई." बाकीचे वऱ्हाडी दुसऱ्या नावांतून वल्ह्यांनी.

ह्यांनी मूठ फिरवली. पहिल्याच झटक्याला सुरू. काठावरचे लोक ओरडले, वाजंत्र्यांनी जोर केला, पण इंजिनापुढं कुणाचं काही ऐकू येईना.

मधे पोचलो तेव्हा चंद्रानं मागं वळून गावाकडं बघितलं आणि तिचं तोंड वाकडं झालं. रडत होती, मोठ्यानं, पण आवाज नाहीच. नुसतं तोंड दिसतं. तिच्यासमोर रामा बसलेला. सगळा दिवस मिशीला पीळ देत हिंडत होता, याला हसव, त्याला टाळी दे. त्यानं लेकीकडं बघितलं आणि तोही सुटला. खांदे हलतायत, पटक्याचा शेमला तोंडात कोंबलाय. मग कोंबायचंही सोडून दिलं. एवढ्या गोंगाटात कोण ऐकतंय? बाप-लेक समोरासमोर बसून हंबरडा फोडतायत आणि वरून फट फट फट फट. नवरा मुलगा बिचारा कुठं बघावं न कळून पंख्याच्या पाण्याकडं बघत होता.

पलीकडं काठाला लागलो. लोक नाव धरायला पाण्यात उतरले. ह्यांनी बंद करायला हात घातला तर रामानं त्यांचं मनगट धरलं. तोच, उजवा. ओठ हलले, मला वाचता आले: "ऱ्हाऊ दे मिस्त्री. वाईच ऱ्हाऊ दे."

हे थांबले. इंजिन हळू केलं, पंखा चिखलात रुतू नये म्हणून डबी जरा वर उचलून धरली, आणि चालूच ठेवलं. दोघं रडून घेईपर्यंत. रामानं शेमल्यानं तोंड पुसलं, लेकीचं पुसलं, तिचा मळवट नीट केला. मग मान हलवली. ह्यांनी बंद केलं.

एकदम इतकं गप्प झालं की पाणी नावेला लागल्याचा आवाज आला.

रामा उभा राहून काठावरच्यांना मोठ्यानं म्हणाला, "काय बघताय पावनं? आनली का न्हाई फटफटीतनं?"

येताना नावेत आम्ही तिघंच. ह्यांनी इंजिन वळवायचा दांडा माझ्या हातात दिला आणि स्वतः डहाळ्यांना टेकून डोळे मिटले. नाव मी आणली. दोनदा वाकडी गेली. सांगितलं नाही त्यांनी काही.

चैत्र शुद्ध १, शुक्रवार. पाडवा

गुढी उभारली. आत्याबाईंनी हत्यारांच्या पेटीला हळदकुंकू वाहिलं. दसऱ्याला करतात ते, पाडव्याला नाही.

दुपारी एक माळकरी माळी आला, पंचगंगेच्या मळ्यातला. गाडीत मोटेच्या जागी घेतलेला हातपंप. "चाक खातंया. रामा भोई म्हनला हितं या. त्या वैनी घासत्यात म्हनला." मग ह्यांच्याकडं वळून, "आनि तुमी सांगताय म्हनला."

हे मला म्हणाले, "घ्यायचा का ठिवून?" मी म्हटलं, "ठिवा."

आत्याबाई म्हणाल्या, "अन् त्या फाटकाच्या जागंचं काय?" त्या चुकत नाहीत. दारात आलेला एक पंप म्हणजे काही बारमाही भाकरी नव्हे. पुढच्या वर्षी कुणी काही आणलंच नाही तर? डगला दर महिन्याला मिळतो.

मी पानं वाढली. श्रीखंड गोड होतं.

चैत्र शुद्ध ४, सोमवार

आज ते मोटारखान्यात गेले. हो किंवा नाही सांगायला.

सकाळी अंघोळ करून, पटका बांधून (मीच बांधून दिला, तो अजून एका हातानं नीट येत नाही) उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "तुला काय वाटतंय?"

हे विचारतील म्हणून किती दिवस मनात बोलणं जुळवत होते. आणि तोंडातून काय आलं? "तुमी म्हनशीला तसं."

मान हलवली, निघाले.

मी चुलीपुढं बसले. उठले. पुन्हा बसले. मग पदर खोचला आणि पळाले. गल्लीतून, तालमीसमोरून, पैलवान आखाड्याच्या दारात उभे होते त्यांच्या देखत. तिकटीवर, तीन रस्ते मिळतात तिथं, गाठलं. दम लागलेला. हे घाबरले, "आईला काय झालं?"

"काय न्हाय झालं. मला ते काम आवडतंय."

"कुठलं?"

"घासायचं. चाकाचं. तुमी तिकडं काय पन सांगा, डगला घ्या, न्हाईतर नगा घिऊ. पर मला आवडतंय, एवढं ठावं असू दे."

पैलवान ऐकत होते. भाजीवाली ऐकत होती. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, असं की जणू पंखा आता फिरेल का नाही याचा अंदाज घेतायत. मग म्हणाले, "पायात चप्पल न्हाय तुझ्या. जा घरला, ऊन लागंल." आणि वळून गेले. तिकटीच्या पलीकडं जाताना एकदा मागं बघितलं. हसले असं मला वाटलं. लांब होते, नक्की नाही.

आता दुपार कलली. अजून आले नाहीत. आत्याबाई दोनदा रस्त्यावर बघून आल्या, आणि दोन्ही वेळा म्हणाल्या की मांजर कुठं दिसतंय का बघायला गेलते. आम्ही मांजर पाळत नाही.

माळ्याच्या पंपाचं चाक खोललंय. रॉकेलात भिजतंय. भाकऱ्या थापलेल्या नाहीत, आल्यावर गरमगरम थापीन.